घराखालून ऐकलेली गिटार

रोलिन्स, नॉर्थ कॅरोलायना
सोमवार, १८ एप्रिल १९६६

बाबा,

तुमचं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. तब्येत बरी असेल, निदान पत्र लिहिलं तेव्हा होती तशी तरी असेल. मी ठीक आहे. इथे डॉगवुडला बहर आलाय. तंबाखूच्या कारखान्यात मी अजून पहिल्या पाळीत आहे, गुडघे सकाळी कुरकुरतात आणि दुपारपर्यंत गप्प होतात. घराचं छप्पर मागच्या वर्षी नवं केलं. झाली विचारपूस.

पत्र तुम्ही सांगितलंत आणि तुमच्या त्या शिष्याने, लोवेलने लिहिलं हे अक्षरावरूनच कळलं. तुम्हाला लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे, त्याचा राग नाही. पण बत्तीस वर्षांत तुमच्याकडून आलेलं हे पहिलं पत्र. लिहून देणारा माणूस बत्तीस वर्षांत कुठेही भेटला असता. त्याचा आहे.

लोवेलने तिकडे परतल्यावर तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूने सांगते. फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी बॉस्टनकडची पाटी असलेली गाडी आमच्या दारात थांबली. तेवीस वर्षांचा गोरा पोरगा, हातात गिटार, खांद्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र. रस्त्यावरची सगळी माणसं पडदे बाजूला करून बघत होती. दुसऱ्या दिवशी शेरिफचा माणूस येऊन विचारून गेला, कोण आलं होतं, किती वेळ होतं, काळ्या लोकांची मतनोंदणी करत फिरणारा होता का. मी म्हटलं, गाणारा होता. तो म्हणाला, ते सगळे आधी गाणारेच असतात. हे तुम्हाला एवढ्यासाठी लिहिते की तुमच्या नावाने कुणी माझ्या दारात आलं की त्याचे परिणाम इथे राहणाऱ्यांना निस्तरावे लागतात.

तर तो ओसरीवर बसला, मी मक्याचा पाव आणि चवळी वाढली. पोरगा वाईट नाही. मला मिस अर्लीथा म्हणत होता आणि ताट धुवायला उठत होता. तो सारखं पापा, पापा म्हणायला लागला तेव्हा मला आधी वाटलं की स्वतःच्या बापाबद्दल बोलतोय. मग लक्षात आलं, तो माझ्या बापाबद्दल बोलतोय.

"पापा माझं एकेक बोट हातात घेऊन तारेवर ठेवायचे," तो म्हणाला. "एक तुकडा मला महिनाभर येत नव्हता. मी रडकुंडीला आलो होतो. पापा म्हणाले, अरे, घाई कुणाला आहे? उद्या परत बसू."

मी विचारलं, "एकदाही ओरडले नाहीत?"

"पापा? छे. त्यांना रागावताच येत नाही."

मी उठून आत गेले. चुलीवर काही नव्हतं, तरी चुलीपाशी उभी राहिले.

तुम्हाला आठवतं का बघा. मी आठ वर्षांची होते. गिटार खिळ्याला टांगलेली असायची. मी पिठाच्या डब्यावर चढून ती खाली काढली आणि मांडीवर घेतली. नुसती घेतली होती, तार छेडलीसुद्धा नव्हती. तुम्ही दारातून आलात. गिटार आधी नीट खाली ठेवलीत, तिला ओरखडा पडू नये म्हणून. मग तिचाच पट्टा काढून माझ्या हातावर मारलात, बकलाकडच्या टोकाने. म्हणालात, "पोरीच्या जातीने याला हात लावायचा नाही. परत लावलास तर हात मोडीन." माझ्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून पुरती वळत नाही. लोवेलने ती पाहिली आणि विचारलं, कारखान्यात लागलं का? मी हो म्हटलं.

मग त्याने तुमची ती प्रसिद्ध चीज वाजवली. "लूटी, दार उघड." नवरा दाराबाहेर उभा राहून बायकोची मनधरणी करतोय आणि ती काही दार उघडत नाही. कॉलेजच्या सभागृहांत पाचपाचशे माणसं हसतात म्हणे. आईच्या नावावर हसतात. बाबा, आमच्या दाराला कडी तरी होती का? दोन महिन्यांनी या, तीन महिन्यांनी या, त्या बाईने तुम्हाला एकदाही बाहेर उभं केलं नाही. तिने एकदा जरी कडी लावली असती तरी मी हे गाणं सहन केलं असतं.

पोरगा स्वच्छ वाजवत होता, घड्याळासारखं. पण तिसऱ्या ठोक्यावर तुमचा अंगठा जरासा मागे राहतो, अर्धा श्वास उशिरा तारेवर पडतो, ते त्याला जमत नव्हतं. चार वेळा त्याने ते तसंच वाजवलं आणि चारही वेळा मला दाताखाली खडा आल्यासारखं झालं. शेवटी मी म्हटलं, आण इकडे.

मी वाजवते हे तुम्हाला कुणी सांगितलं असण्याचं कारण नाही. रविवारी आई चर्चला जायची, मी पोट दुखतंय म्हणून घरी राहायचे. तुम्हाला वाटायचं मी परसात आहे. मी घराखाली असायचे, विटांच्या खांबांमधल्या जागेत, कोंबड्यांसोबत पालथी पडून. वर तुम्ही खुर्चीत बसून वाजवायचात आणि पायाने ठेका धरायचात. फळ्यांतून माती माझ्या मानेवर पडायची. आधी पाय, मग अंगठा, हे मी तिथे शिकले. तुम्ही गेल्यावर आई ज्या घरी कपडे धुवायची तिथल्या बाईने मुलाची जुनी गिटार फेकायला काढली. ती आई डोक्यावर घेऊन आली. म्हणाली, "त्या माणसाचं जे काही चांगलं होतं ते बोटांत होतं. तेवढं घरात राहू दे." मी अकरा वर्षांची होते.

लोवेलने यंत्र चालूच ठेवलं होतं. मग विचारलं, ठेवू का? मी म्हटलं ठेव, पण कुणाला ऐकवू नकोस. त्याने तुम्हाला ऐकवलं. हेही त्याने मला कळवलं, लपवलं नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "हा मीच. सदतीस सालातला. तुला कुठे सापडलं हे?" त्याने सांगितलं की ही अर्लीथा आहे. दुसऱ्या दिवशी हे पत्र सांगितलंत.

आणि पत्रात काय, तर नाताळात उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका. डावा शाबूत आहे. जुलैत मोठा महोत्सव आहे, हजारो माणसं येणार. तू ये, माझ्या शेजारी बस, डाव्या हाताने मी सूर धरतो, उजवा हात तू चालव. बापलेक मिळून एक गिटार. आणि तळाशी एका ओळीत, हातावर मारल्याची क्षमा.

नाही.

जो हात मोडीन म्हणाला होतात तोच हात आता उसना हवाय. तुमच्याकडून शिकलेली इतकी पोरं तिकडे आहेत, त्यांची एकेक बोटं तुम्ही हातात घेतलीत. त्यांच्यातला एखादा उजवा हात घ्या.

आणखी एक. आई गेली तेव्हाही तुम्ही आला नाहीत. ऑक्टोबर अठ्ठावन्न. चर्चमध्ये पहिल्या बाकावर माझ्या शेजारची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून ठेवली होती. शेवटपर्यंत ती रिकामीच राहिली. हे मी विसरणार नाही.

नुसतं नाव लिहिते.

अर्लीथा


रोलिन्स
सोमवार, १६ मे १९६६

बाबा,

पत्र मिळालं. डाव्या पायालाही आता मुंग्या येतात असं लिहिलंय, डॉक्टरला दाखवा. इथे उकाडा सुरू झाला. कारखान्यात खिडक्या उघडू देत नाहीत, पानं सुकतात म्हणून. आम्ही सुकलो तर चालतं.

तुम्ही विचारता, लूटी गेल्याचं मला या पोराकडून कळावं? आठ वर्षांनी? तू का नाही कळवलंस?

कुठे कळवायचं होतं? कोणत्या पत्त्यावर? तुम्ही चौतीस साली घरातून गेलात, त्यानंतर तुम्ही जिवंत आहात की नाही हेसुद्धा आम्हाला दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं. पत्ता नव्हता. एवढंच.

लोवेलने तुमची नवी तबकडी पाठवली. माझ्याकडे यंत्र नाही म्हणून डेसाकडे ऐकली. डेसा माझी शेजारीण, कारखान्यात माझ्याच बाकावर बसून तंबाखूच्या पानांचे देठ काढते. तिला तुमचा तो उजव्या हाताचा बेत सांगितला. ती हसून हसून वाकली. म्हणाली, "दोन म्हातारी मिळून एक गिटार? अगं, जत्रेत दोन तोंडांचं वासरू दाखवतात ना, तसं दाखवतील तुम्हाला. लोकांना सांग, हात लावून बघा म्हणावं." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिने तबकडी उलटी करून लावली.

तबकडीच्या पाकिटामागे तुमचं चरित्र छापलंय. "ना घर, ना कुटुंब, रस्ता हाच त्याचा सोबती." हे तुम्ही सांगितलंत का त्यांनी मनाने घातलं? घर होतं. अजून आहे. मी त्यात बसून हे लिहितेय. रस्ता तुमचा सोबती होता तेव्हा त्या घरात एक बाई दुसऱ्यांच्या चादरी उकळत होती.

आणि त्याखाली यादी आहे, ओथा ग्रिसमच्या बोटांतून कुणी कुणी काय घेतलं त्याची. अकरा नावं. काही माणसं मोठी झालेली दिसतात. एक इंग्लंडचा आहे. तुम्हाला न भेटता, तुमच्या जुन्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून शिकला म्हणे, आणि त्याचं केवढं कौतुक केलंय. न भेटता शिकला. मी तुमच्यापासून दोन हात अंतरावर होते, मध्ये फक्त फळी होती.

अकरांत एकही बाई नाही. मला यादीत जायचं नाही, गैरसमज नको. मी फक्त मोजलं.

महोत्सवाबद्दल पुन्हा विचारलंत. उत्तर तेच. तुम्ही लिहिता की लूटी असती तर तिने तुला पाठवलं असतं. आईचं नाव यात आणू नका. तिला काय हवं होतं ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. तिने शेवटी शेवटी मला जे सांगितलं होतं ते

ते राहू दे. पाळीची वेळ झाली.

अर्लीथा


रोलिन्स
सोमवार, २० जून १९६६

बाबा,

या वेळी तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. तुम्ही बरे असाल असं धरून चालते. मी बरी नाही. महिनाभर पानांचे देठ काढताना तेच ते वाक्य डोक्यात फिरतंय, मागच्या पत्रात अर्ध्यावर सोडलेलं.

मी खोटं लिहिलं. पत्ता होता.

आईचा भाचा एझ्रा ट्रक चालवतो. छप्पन साली तो फिलाडेल्फियाला माल घेऊन गेला होता, तिथे एका गाड्या धुण्याच्या अड्ड्यावर तुम्ही त्याला दिसलात. तुम्ही त्याला ओळखलं नाहीत, तो तेव्हा लहान होता. त्याने तिथल्या माणसाला विचारून तुमच्या खोलीचा पत्ता सिगारेटच्या पाकिटावर लिहून आणला. आईने ते पाकीट शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. दोन वर्षं ती त्याबद्दल काही बोलली नाही.

अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात, तीन तारखेला, ती म्हणाली, "कागद घे. ओथाला लिहायचंय." ती सांगत गेली, मी लिहीत गेले. लहानसंच पत्र आहे. मी ते पाकिटात घातलं, पत्ता घातला, तिकीट लावलं. आणि टाकलं नाही.

चौदा तारखेला ती गेली. मधले अकरा दिवस ती रोज मला विचारायची, पोस्टमन गेला का? मी म्हणायचे, गेला. ती म्हणायची, उद्या येईल मग. माझ्याशी खोटं बोलताना तिला कधी पाहिलं नव्हतं आणि मी तिच्याशी रोज खोटं बोलत होते, तिचं तोंड पुसता पुसता.

का नाही टाकलं, हे आठ वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगितलं. तुम्ही आला असतात तर एका क्षणात तिने तुम्हाला माफ केलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. हे खरं आहे. तुम्ही आला नसतात तर तिला ते बघावं लागलं असतं, तेही मला नको होतं. हेही खरं आहे. पण ते पत्र माझ्याबद्दल होतं. तिला तुम्हाला एक गोष्ट कळवायची होती, माझ्या बाबतीतली. मरणाऱ्या बाईने तिचं सगळं सोडून माझ्यासाठी तुमच्यापुढे तोंड उघडावं, आणि तुम्ही ते वाचून घेऊन खांदे उडवावेत, ही भीती होती. तुम्ही पट्टा काढाल अशी नाही. खांदे उडवाल अशी.

म्हणजे ती बाकावरची जागा रिकामी राहिली ती तुमच्यामुळे नाही. त्या दिवशी चर्चमधल्या सगळ्यांनी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि मी त्या देऊ दिल्या. गेली आठ वर्षं देऊ दिल्या. एप्रिलच्या पत्रात मीच पुन्हा दिल्या.

हे वाचून माझा राग संपला असं समजू नका. तुम्ही बत्तीस वर्षं केलंत ते केलंतच. मी अकरा दिवस केलं. दोन्ही आपापल्या जागी आहे.

पत्र अजून खणात आहे. मी ते टपालाने पाठवणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे लोवेल वाचून दाखवेल, आणि आईचं बोलणं त्या पोराच्या तोंडून तुमच्या कानावर जावं हे मला मान्य नाही. हे पत्रही तोच वाचतोय. लोवेल, वाचतो आहेस ना? नीट वाच, काही गाळू नकोस.

तुम्ही इथे या. महोत्सव उरकून ऑगस्टमध्ये या. तेरा तारखेचा शनिवार मी मोकळा ठेवते. डेसा मासे तळेल, शेजारची चारदोन माणसं असतील. मंच नाही, टाळ्या नाहीत. मी वाजवीन, तुम्ही ऐकायचं. गिटारला हात लावायचा नाही. मग मी आईचं पत्र वाचून दाखवीन.

नाही आलात तरी मी वाजवणारच आहे. तसं डेसाला सांगून ठेवलंय.

तुमची मुलगी. हे लिहिलं आणि बराच वेळ बघत बसले, खोडलं नाही.

अर्लीथा


रोलिन्स
सोमवार, २२ ऑगस्ट १९६६

प्रिय लोवेल,

तुझे वडील आणि आई खुशाल असतील. बाबा तुझ्याकडे नीट पोचले असं तुझ्या तारेवरून कळलं. बसमध्ये मागच्या बाकावर बसवलं का, हे तू विचारलंस. आता कायद्याने कुठेही बसता येतं, पण ते आपणहून मागे गेले. सवय आहे, म्हणाले.

काय झालं ते तुला त्यांच्याकडून कळणार नाही, म्हणून लिहिते.

शुक्रवारी बस आली. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी म्हटलं, "मीच आहे." तर म्हणाले, "तू लूटीएवढी झालीस." आई गेली त्या वयाची मी अजून नाही, पण ती त्यांना जशी आठवत होती त्या वयाची बहुतेक झाले असेन.

शनिवारी दुपारी डेसाने मासे तळले. दहाबारा माणसं अंगणात होती. डेसाने बाबांना पाहताक्षणी सांगितलं, "तुमच्याबद्दल वाईटच ऐकलंय, पण ताट भरून देते." ते हसले आणि जेवले. त्यांना डाव्या हाताने जेवता येत नाही फारसं. मी माशाचे काटे काढून दिले. तेवढं केलं.

मग मी ओसरीवर बसून वाजवलं. चार चिजा. त्यांना मी खाली अंगणात खुर्ची दिली होती. ते मान खाली घालून बसले, एकदाही वर पाहिलं नाही. पाय मात्र हलत होता. शेवटी मी "लूटी" वाजवली, शब्दांशिवाय. इथे त्या चिजेवर कुणी हसत नाही, सगळे तिला ओळखत होते.

संपल्यावर ते उठून माझ्याजवळ आले. मी वाट बघत होते. त्रेचाळीस वर्षांची बाई, नवऱ्याला मूठमाती दिलेली, कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेली, आणि शाळेतल्या पोरीसारखी वाट बघत होते. याचा मला आजही राग येतो.

त्यांनी विचारलं, "तिसऱ्या ठोक्यावर अंगठा मागे का ठेवतेस?"

"तुम्ही ठेवायचात म्हणून."

"मी ठेवत नव्हतो," ते म्हणाले. "लाकडाच्या गिरणीत माझा अंगठा मोडला होता. तो उशिरा पोचायचा. तुझा तर चांगला आहे. तू कशाला ठेवतेस?"

लोवेल, तू ज्यासाठी महिनाभर रडलास तो मोडलेला अंगठा होता. इंग्लंडमधला तो माणूस तबकडी झिजवून झिजवून जे शिकला ते हेच. मी कोंबड्यांमध्ये पडून जे शिकले तेही हेच. डेसा इतकी हसली की तिच्या हातातलं ताट पडलं. मलाही हसू आलं, आणि ते थांबल्यावर मी त्यांना विचारलं, "एवढी सगळी पोरं ते गिरवत बसली, तुम्ही एकालाही सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "कुणी विचारलंच नाही. ते म्हणायचे, काय खोल आहे. मी म्हटलं, असेल."

माणसं गेल्यावर, ऊन कलायच्या आत, मी खणातून पत्र काढलं. ते ओसरीच्या पायरीवर बसले होते. मी उभ्यानेच वाचलं. तुलाही लिहून देते, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

"ओथा, मी आजारी आहे आणि या खेपेला बरी होणार नाही. शिव्या द्यायला लिहीत नाही, त्या तुझ्यामागे रोज दिल्यात, पोचल्या असतील. सांगायचं एवढंच की पोरगी वाजवते. तुझ्यासारखी नाही, तुझ्याहून सावकाश, आणि वाजवून झाल्यावर दुसऱ्यांकडे बघत नाही. तू तिला मारलं होतंस ते चुकलं होतं, मी तेव्हा बोलले नाही, तेही चुकलं. एकदा येऊन ऐक. माझ्यासाठी थांबू नकोस, दारातून ऐकून गेलास तरी चालेल. लूटी."

ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. "मी तेव्हा बोलले नाही" ही ओळ जरा हळू वाचली.

मग ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "पाठवलं असतंस तरी मी आलो नसतो."

ते पुन्हा म्हणाले, "त्या वर्षी मी रोज पिऊन पडलेला असायचो. पत्र कुणाकडून वाचून घेतलं असतं आणि खिशात घातलं असतं. आलो नसतो. तेव्हा ते डोक्यातून काढून टाक."

लोवेल, मी आठवडाभर यावर विचार करतेय. हे खरं असेल तर माझ्यावरचं ओझं उतरतं, आणि त्यांच्याबद्दल मी जे वाईट मानत आले ते सगळं खरं ठरतं. खोटं असेल तर त्यांनी जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलं, आणि तेसुद्धा खोटं बोलून. मी तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. त्यांच्या तोंडावरून काही कळत नाही, अर्धं तोंड त्या झटक्यात गेलंय. मी त्यांना तिथेच पायरीवर सोडून आत गेले आणि सगळी भांडी घासली, घासलेली होती तीसुद्धा. दोन्ही गोष्टींचा राग येत होता, आणि दोन्हींपैकी एक तरी माझ्याकडून काढून घ्यावी असं वाटत होतं.

ते मंगळवारपर्यंत राहिले. फार बोललो नाही. सोमवारी मी पाळीवरून आले तेव्हा त्यांनी परसातली घेवड्याची वेल डाव्या हाताने बांधून ठेवली होती, वाकडीतिकडी. मी ती सोडवून पुन्हा बांधली. ते बघत होते.

बस सुटायच्या आधी मी त्यांना विचारलं, "एप्रिलच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं, तुझ्या हातावर मारलं त्याची क्षमा मागतो. ते खरं का?"

ते गोंधळले. म्हणाले, "मी असं काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, पोरगी रागावलेली असेल. बाकी पोराने घातलं असेल. त्याला लिहायची हौस आहे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझा बाप असं बोलतच नाही. आणि तुला सांगते, त्या एका ओळीने मी एप्रिलभर जितकी पेटले होते तितकी त्या उजव्या हाताच्या बेतानेही पेटले नव्हते. मारल्याचं तुला कुणी सांगितलं हेही मी विचारणार नाही. माझी करंगळी पाहून तुझं तूच ओळखलं असशील, हुशार आहेस. तू चांगल्या मनाने केलंस. चांगल्या मनाने लोकांनी माझ्या बापाचं चरित्र लिहिलं, चांगल्या मनाने त्याच्या मोडक्या अंगठ्याला खोल म्हटलं. पुरे आता.

तू विचारलंस की माझं ध्वनिमुद्रण नव्या तबकडीत घालू का. घाल. नाव अर्लीथा ग्रिसम. पाठीमागे काही लिहू नकोस, कुणाकडून शिकली वगैरे. लिहायचंच तर रोलिन्समध्ये राहते आणि तंबाखूच्या कारखान्यात काम करते, एवढं लिही.

आणि यापुढे ते पत्र सांगायला बसतील, तेव्हा ते जे बोलतील तेच लिही. हवापाण्याचं बोलले तर हवापाण्याचं. अर्ध्या तासात दोनच वाक्यं बोलले तर दोनच. मला शिवी दिली तर शिवी लिही, नीट, अक्षर गाळू नकोस. त्यात काही गोड वाटलं तर ते त्यांचंच असलं पाहिजे. मी या वयात दुसऱ्या कुणाच्या मायेवर रागावून बसणार नाही, मला माझ्या बापावर रागवायचंय.

तुझ्यावर फार नाही, पण थोडी रागावलेली,
अर्लीथा ग्रिसम